जहाज त्यांच्या गोदीत, हिशेब आपल्या सभागृहात

१ जुलै २०२५ रोजी रशियाच्या कालिनिनग्राद बंदरात ‘तमाल’ ही फ्रिगेट भारतीय नौदलात दाखल झाली, तेव्हा परदेशी कारखान्यात बांधून घेतलेली ही शेवटची युद्धनौका असल्याचे आवर्जून सांगण्यात आले. आत्मनिर्भरतेच्या घोषणेला साजेसे असे ते वाक्य होते आणि स्वाभाविकपणे तेच मथळ्यांत गेले. त्यात असत्य काही नाही. परंतु त्यातून जो अर्थ काढला जात आहे, तो मात्र तपासून घेण्याजोगा आहे.

नौकेचा सांगाडा यापुढे परदेशी गोदीत उभा राहणार नाही, एवढाच त्या वाक्याचा अर्थ. पुढच्या सहा पाणबुड्या मुंबईत माझगाव गोदीत बांधायच्या असे ठरले आहे. पण त्यांचा आराखडा जर्मनीचा असेल, महत्त्वाची यंत्रणा तिकडून येईल आणि कुशल कामगारांना शिकवायला तिकडचेच तंत्रज्ञ येतील. म्हणजे परदेशी जहाजबांधणाऱ्याची पारख करणे, त्याच्याशी करार करणे आणि पुढची दहा-पंधरा वर्षे त्याच्याबरोबर नांदणे हे काम संपलेले नाही. ते फक्त रशियाच्या किनाऱ्यावरून माझगावला आले आहे. या कामातला आपला पूर्वानुभव फारसा अभिमानाचा नाही. कोणता कारखाना निवडावा यावर साउथ ब्लॉकने चार दशकांत जेवढी शक्ती खर्च केली, तिच्या पावपटही शक्ती काम नेमके किती आहे, ते कोण तपासणार आणि बिनसले तर काय करायचे, या प्रश्नांवर खर्च केलेली नाही.

‘अ‍ॅडमिरल गोर्शकोव्ह’चा, म्हणजे आजच्या ‘विक्रमादित्य’चा व्यवहार या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखा आहे. सोव्हिएत नौदलात १९८७ मध्ये ‘बाकू’ या नावाने दाखल झालेली ही नौका आजच्या युक्रेनमधील निकोलायेव्ह येथे बांधली गेली होती. १९९४ मध्ये तिच्या बॉयलर कक्षात स्फोट झाला आणि १९९६ मध्ये ती सेवेतून काढण्यात आली. इकडे आपली जुनी ‘विक्रांत’ १९९७ मध्ये निवृत्त झालेली, ‘विराट’चे वय झालेले. जवळपास दशकभर चाललेल्या घासाघिशीनंतर २० जानेवारी २००४ रोजी, म्हणजे वाजपेयी सरकारच्या अखेरच्या महिन्यांत, करार झाला. सांगाडा फुकट आणि त्याच्या दुरुस्ती-फेरबांधणीचे ९७ कोटी ४० लाख डॉलर, असा तो सौदा होता. विमानांचे पैसे वेगळे. ऑगस्ट २००८ पर्यंत नौका मिळायची होती.

‘फुकट’ या शब्दाने त्या वेळी राजधानीत बरेच समाधान पसरवले होते. वास्तविक जुने घर फुकट मिळाले तरी त्याच्या भिंतींत काय दडले आहे ते पाडकाम सुरू केल्यावरच कळते, हा कोणाही गृहस्थाचा अनुभव आहे. इथे तर क्रूझरवजा नौकेचा पुढचा क्षेपणास्त्रांचा भाग उतरवून त्या जागी विमानांच्या उड्डाणासाठी चढत जाणारा उतार बसवायचा होता, म्हणजे तिचा प्रकारच बदलायचा होता. हे काम ज्या कारखान्याला मिळाले तो सेवेरोद्विन्स्कचा ‘सेवमाश’ हा अणुपाणबुड्या बांधणारा कारखाना. पाणबुड्यांत त्याचा हात धरणारे जगात फार थोडे; पण विमानवाहू नौकेचा त्याला अनुभव नव्हता. सोव्हिएत काळात अशा नौका जिथे बांधल्या जात, ती निकोलायेव्हची गोदी सोव्हिएत संघ फुटल्यावर दुसऱ्या देशात गेली होती. विकणारा देश विश्वासाचा, कारखाना मोठा, पण नेमके हे काम त्याने कधी केलेले नाही, ही गोष्ट करारापूर्वीच उघड होती. देश निवडणे म्हणजे कारखाना निवडणे नव्हे, हा फरक आपल्या निर्णयप्रक्रियेत तेव्हा फारसा उमटलेला दिसत नाही.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. २००७ पर्यंत काम रखडल्याचे स्पष्ट झाले, सेवमाशच्या प्रमुखाला जावे लागले आणि रशियाने सुमारे १२० कोटी डॉलरची जादा मागणी पुढे केली. केबल बदलण्यापासून कप्प्यांच्या पुनर्बांधणीपर्यंत काम मूळ अंदाजाच्या कितीतरी पुढे गेले होते. करार ठरावीक किमतीचा होता, हे भारताचे म्हणणे कागदावर बिनतोड होते. पण अर्धी उलगडलेली नौका श्वेत समुद्राच्या काठी पडून असताना कागदाच्या बळावर काय करायचे? ती ओढून आणता येत नव्हती, दुसऱ्या कारखान्याला देता येत नव्हती आणि सोडून द्यावी तर नौदलापुढे पर्याय नव्हता. अखेर २०१० च्या मार्चमध्ये, रशियाचे तत्कालीन पंतप्रधान पुतिन यांच्या दिल्ली भेटीच्या वेळी, २३० कोटी डॉलरच्या पुढची किंमत मान्य करण्यात आली. मूळ रकमेच्या जवळजवळ अडीचपट.

त्याआधी जुलै २००९ मध्ये महालेखापालांचा अहवाल संसदेत आला होता. नव्या नौकेच्या तुलनेत निम्म्या आयुष्याची, वापरलेली नौका आपण साठ टक्के अधिक किंमत देऊन घेत आहोत, असा त्याचा आशय. त्या साठ टक्क्यांवर पुष्कळ गदारोळ झाला. नवी नौका त्या काळात आपल्याला कोण विकणार होते, हा संरक्षण मंत्रालयाचा प्रतिप्रश्न अगदीच बिनबुडाचा नव्हता. परंतु त्या गदारोळात अहवालातली खरी बोचरी गोष्ट बाजूला पडली. नौकेच्या प्रत्यक्ष स्थितीची पुरेशी पारख न करताच कामाची व्याप्ती ठरवली गेली, हा त्यातला आक्षेप किमतीच्या आकड्यापेक्षा गंभीर होता. किंमत हा परिणाम होता. कारण होते कामाच्या यादीत.

२०१२ च्या सप्टेंबरमध्ये सागरी चाचण्यांत पूर्ण वेगाने जाताना बॉयलर बिघडले. आठांपैकी सात. उष्णतारोधक थरासाठी अ‍ॅस्बेस्टॉस वापरू नये असा भारताचा आग्रह होता; त्याऐवजी बसवलेल्या अग्निरोधक विटा टिकल्या नाहीत. दोष कोणाचा, यावर दोन्ही बाजूंनी बरेच बोलले गेले. पण श्वेत समुद्र हिवाळ्यात गोठतो, ही साधी भौगोलिक गोष्ट वादाच्या पलीकडची होती. शरद ऋतूत चाचणी फसली म्हणजे पुढची चाचणी पुढच्या उन्हाळ्यात, असे ते वेळापत्रक. एका बिघाडाने वर्ष गेले. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांच्या उपस्थितीत नौका दाखल झाली, जानेवारी २०१४ मध्ये कारवारला पोहोचली आणि १४ जून २०१४ रोजी गोव्याच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात नव्या पंतप्रधानांनी ती राष्ट्राला अर्पण केली. एका सरकारने सही केली, दुसऱ्याने वाढीव बिल भरले आणि तिसऱ्याने लोकार्पण केले. उत्तरदायित्व कोणाकडे मागायचे हे या क्रमातच हरवले.

अपवाद म्हणून इटलीचे उदाहरण सांगता येईल. फिनकान्तिएरी या कंपनीशी २००८ मध्ये करार झाला आणि ‘दीपक’ व ‘शक्ती’ ही दोन्ही तेलपुरवठा जहाजे २०११ मध्ये दाखलही झाली. संरक्षण खरेदीत तीन वर्षांत काम पुरे होणे ही बातमीच म्हटली पाहिजे. पण इथेही महालेखापालांनी बोट ठेवलेच. नौदलाने मूळ मागितलेल्या दर्जाचे पोलाद न वापरता व्यापारी जहाजांना चालणारे पोलाद स्वीकारले गेले, असा तो आक्षेप. म्हणजे जिथे वेळ पाळली गेली तिथे अपेक्षा खाली आणल्या गेल्या. काय हवे आहे ते आधी ठरवायचे आणि मग त्यावर ठाम राहायचे, की मिळते आहे त्याप्रमाणे हवे ते बदलायचे, हा पेच सगळ्याच व्यवहारांत डोकावतो.

माझगाव गोदीत काम केलेल्या मराठी कुटुंबांना पाणबुड्यांची कहाणी जवळची आहे. डिसेंबर १९८१ मध्ये पश्चिम जर्मनीच्या एचडीडब्ल्यू कंपनीशी करार झाला. दोन पाणबुड्या जर्मनीत कील येथे बांधायच्या, आपली माणसे तिथे शिकणार आणि मग दोन मुंबईत बांधणार. ‘शिशुमार’ आणि ‘शंकुश’ १९८६ मध्ये आल्या. ‘शल्की’ फेब्रुवारी १९९२ मध्ये आणि ‘शंकुल’ मे १९९४ मध्ये माझगावातून नौदलाकडे गेल्या. भारतात बांधलेली पहिली पाणबुडी म्हणून ‘शल्की’चे स्थान मोठे आहे. पाणबुडीचा दाबरोधक सांगाडा जोडणे हे साध्या वेल्डिंगचे काम नव्हे. तो जोड प्रत्येक बुडीत समुद्राचा दाब सहन करतो, त्याची चूक खोल पाण्यात कळते आणि सुधारायला संधी देत नाही. ते कसब आपल्या कामगारांनी आत्मसात केले होते.

ते कसब टिकले नाही, कारण दरम्यान १९८७ साल आले होते. या व्यवहारात सात टक्के दलाली दिली गेल्याची माहिती जर्मनीतील भारतीय दूतावासाकडून आली, संरक्षणमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी चौकशीचे आदेश दिले आणि त्यावरून उठलेल्या वादळात एप्रिलमध्ये त्यांनी राजीनामा दिला. लगोलग बोफोर्स आले आणि देशाच्या राजकारणाची दिशाच बदलली. दलालीची चौकशी व्हायलाच हवी होती. प्रश्न हा की, चौकशीबरोबरच पाचवी आणि सहावी पाणबुडीही गेली. कारखान्याशी असलेला संबंध तुटला, काम थांबले आणि शिकलेली माणसे पांगली, निवृत्त झाली. ‘शंकुल’नंतर माझगावातून पुढची पाणबुडी नौदलात जायला २३ वर्षे लागली. दलाली कोणी घेतली हे शेवटपर्यंत न्यायालयात सिद्ध झाले नाही. शिक्षा झाली ती कौशल्याला. साउथ ब्लॉकमध्ये फाइली हाताळणाऱ्या वाचकांना पुढचा धडा मी सांगायला नको. तेव्हापासून निर्णय घेणारा अधिकारी चौकशीला सामोरा जातो आणि निर्णय न घेणाऱ्याला कोणी विचारत नाही.

त्यामुळे २००५ च्या ऑक्टोबरमध्ये फ्रान्सच्या ‘स्कॉर्पिन’ पाणबुड्यांचा करार झाला, तेव्हा माझगावला जवळजवळ पहिल्या धड्यापासून सुरुवात करावी लागली. सहा पाणबुड्या, १८,७९८ कोटी रुपये, पहिली डिसेंबर २०१२ मध्ये आणि पुढे वर्षाला एक. प्रत्यक्षात ‘कलवरी’ १४ डिसेंबर २०१७ रोजी दाखल झाली आणि सहावी ‘वागशीर’ १५ जानेवारी २०२५ रोजी. २०१० मध्येच खर्च २३,५६२ कोटींवर गेला होता. या दिरंगाईत माझगावच्या कामगाराकडे बोट दाखवण्याची राजधानीत पद्धत आहे. ती अर्धवट माहितीवर आधारलेली आहे. मूळ करारात फ्रेंच बाजूने काय पुरवायचे आणि गोदीने स्वतः काय खरेदी करायचे याची विभागणी होती. गोदीने घ्यायच्या यंत्रसामग्रीची किंमत आणि पुरवठादार करारावर सही करताना पक्के केलेले नव्हते. सही झाल्यावर त्यांची बोलणी सुरू झाली, तेव्हा गोदीच्या हातात घासाघीस करण्यासारखे काही उरलेले नव्हते. इथेही गोर्शकोव्हसारखेच झाले. ठळक किंमत जाहीर झाली, यादी अपुरी राहिली.

आणखी एक उपकथानक. या पाणबुड्यांसाठी निवडलेले इटालियन ‘ब्लॅक शार्क’ पाणतीर त्यांच्या मूळ उद्योगसमूहाचे नाव हेलिकॉप्टर प्रकरणात गुंतल्यामुळे रद्द करण्यात आले. नवी पाणबुडी जुन्या पाणतीरांवर चालवण्याची वेळ आली. काळ्या यादीचे शस्त्र नेमके कोणावर चालले, असा प्रश्न यातून उभा राहतो. २०१६ च्या ऑगस्टमध्ये स्कॉर्पिनविषयीची २२,४०० पाने एका ऑस्ट्रेलियन वृत्तपत्राच्या हाती लागली, तेव्हा गोपनीयतेचाही प्रश्न पुढे आला. परदेशी कारखाना म्हणजे त्याचे उपकंत्राटदार, त्याचे माजी कर्मचारी आणि त्याचे इतर ग्राहकही आले. आपल्या पाणबुडीची माहिती किती हातांतून जाते यावर आपला ताबा नसतो.

ऑस्ट्रेलियाचा ओझरता उल्लेख झालाच आहे तर तिथला शेवटही पाहण्यासारखा आहे. त्याच फ्रेंच कंपनीला ऑस्ट्रेलियाने २०१६ मध्ये बारा पाणबुड्यांसाठी निवडले आणि २०२१ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिका-ब्रिटनबरोबर अणुपाणबुड्यांचा समझोता करून तो करार मोडला. एकही पाणबुडी न मिळता ५५.५ कोटी युरो भरपाई द्यावी लागली आणि फ्रान्सने काही काळ राजदूत परत बोलावला. श्रीमंत देशालाही जोडीदार बदलणे किती महाग पडते, याचे हे मोजमाप.

आपल्याकडे मात्र जोडीदार बदलण्याची किंमत पैशांत दिसत नाही म्हणून ती मोजलीच जात नाही. गोव्याच्या सुरुंगशोधक नौकांचे उदाहरण यासाठी सर्वांत बोलके आहे आणि राजधानीत त्याची सर्वांत कमी चर्चा झाली आहे. बंदराच्या तोंडाशी शत्रूने पाण्याखाली सुरुंग पेरले तर ते शोधून निकामी करणाऱ्या या नौका. चुंबकीय सुरुंगांना चुकवायचे म्हणून त्यांचा सांगाडा पोलादाचा नसतो; त्यामुळे त्यांची बांधणीही वेगळे तंत्र मागते. दक्षिण कोरियाची कांगनाम कंपनी स्पर्धेत सर्वांत कमी दराची ठरली. मध्यस्थ नेमल्याच्या तक्रारीवरून २०१४ मध्ये ती निविदा रद्द झाली. पुढच्या वर्षी हेच काम गोवा शिपयार्डकडे सोपवण्यात आले, बारा नौका, सुमारे ३२ हजार कोटी रुपये, आणि तंत्रज्ञान कोणाचे? कांगनामचेच. नोव्हेंबर २०१६ मध्ये गोव्यात पंतप्रधानांच्या हस्ते प्रकल्पाचा शुभारंभ झाला. मनोहर पर्रीकर तेव्हा संरक्षणमंत्री होते. गोव्याला याहून अनुकूल ग्रहमान मिळणे कठीण. तरीही किंमत आणि तंत्रहस्तांतराच्या अटी यांवर मेळ बसला नाही आणि २०१८ मध्ये प्रकल्प गुंडाळण्यात आला. २०१९ मध्ये सोव्हिएत बनावटीची शेवटची सुरुंगशोधक नौका ‘कोळीकोड’ निवृत्त झाली. हजारो किलोमीटरचा किनारा, मुंबई-न्हावाशेवा-कांडलासारखी बंदरे, खनिज तेलाची जवळजवळ सगळी आयात समुद्रमार्गे, आणि सुरुंगशोधक नौका शून्य. २०२५ च्या जुलैमध्ये संरक्षण खरेदी परिषदेने अशा नौकांच्या गरजेला पुन्हा मान्यता दिली, म्हणजे फाइल पुन्हा पहिल्या पानावर आली.

या नौका असत्या तर काय झाले असते, हा प्रश्न संसदेत विचारता येत नाही. न घेतलेल्या वस्तूचा लेखापरीक्षण परिच्छेद सहसा लिहिला जात नाही.

सगळेच काळे आहे असे मात्र नाही. ‘तमाल’च्या जातीच्या नौकांचा इतिहास पाहिला तर एकाच प्रकारच्या कामात सातत्य ठेवल्याचा फायदा दिसतो. १९९७ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या बाल्टिक गोदीला पहिल्या तीन नौका दिल्या. त्यांतली ‘तलवार’ क्षेपणास्त्र यंत्रणेच्या अडचणींमुळे २००३ मध्ये उशिरा आली. २००६ मध्ये पुढच्या तीन कालिनिनग्रादच्या ‘यांतार’ गोदीला आणि २०१८ मध्ये पुन्हा त्याच गोदीला दोन. आराखडा ओळखीचा आणि या खेपेला कारखानाही ओळखीचा. मॉस्कोतील दूतावासाच्या छत्राखाली नौदलाचे देखरेख पथक गोदीत ठाण मांडून बसलेले. या नौकांतला भारतीय सामग्रीचा वाटा २६ टक्क्यांपर्यंत गेला. शिवाय एक असाधारण गोष्ट घडली. या नौकांची वायुचक्की इंजिने युक्रेनच्या कारखान्याची. २०१४ नंतर युक्रेनने ती रशियाला देणे बंद केले. तेव्हा भारताने ती स्वतः युक्रेनकडून विकत घेतली आणि रशियन गोदीला पुरवली. युद्धात समोरासमोर उभ्या असलेल्या दोन देशांचे श्रम एका भारतीय नौकेत एकत्र आले, ते ग्राहकाने स्वतः मधली जबाबदारी उचलली म्हणून. ‘तुशिल’ डिसेंबर २०२४ मध्ये आणि ‘तमाल’ जुलै २०२५ मध्ये आली. महासाथ आणि युद्ध यांमुळे उशीर झाला, पण गोर्शकोव्हसारखी फरफट झाली नाही. याच जातीच्या ‘त्रिपुट’ आणि ‘तवस्य’ या नौकांचे २०२४ आणि २०२५ मध्ये गोव्यात जलावतरण झाले.

त्याहून जुना दाखला ‘निलगिरी’चा. ब्रिटिश लिअँडर जातीची ही फ्रिगेट माझगावने परवान्याखाली बांधली आणि ३ जून १९७२ रोजी ती नौदलात आली. त्यानंतर त्याच जातीच्या आणखी पाच, दशकभर, एकामागून एक. प्रत्येक नौकेत ब्रिटिश भाग कमी आणि आपला अधिक, आणि शेवटी आराखडाच आपला असलेली ‘गोदावरी’. परदेशी बांधणाऱ्याकडून शिकण्याचा हा बहुधा आपला सर्वांत यशस्वी प्रयोग होता आणि त्यात एकही नाट्यमय घोषणा नव्हती. खंड पडला नाही, एवढेच त्याचे वैशिष्ट्य.

शिवछत्रपतींच्या आरमाराचा दाखला अलीकडे नौदलाच्या प्रत्येक समारंभात दिला जातो. तो देणाऱ्यांनी त्यातले एक पान सहसा उलटलेले नसते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात कल्याण-भिवंडीच्या खाडीत गुराबा-गलबते बांधायला घेतली तेव्हा रुई लैतांव व्हियेगस या पोर्तुगीजाच्या हाताखालचे कारागीर कामाला होते. वसई-मुंबईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांना हे आरमार आपल्याच मुळावर येईल हे उमगले आणि त्यांनी या माणसांना काम सोडून यायला लावले. ती गेली, आरमार मात्र इथल्या माणसांच्या हातून उभे राहिले. परक्या कारागिराला त्याचे सरकार असते, ही गोष्ट तेव्हाही खरी होती. पुढे दीडशे वर्षांनी मुंबईच्या गोदीत वाडियांनी ब्रिटिश नौदलासाठी मलबारी सागवानाच्या युद्धनौका बांधल्या, तेव्हा परदेशी कारखाना आपण होतो आणि ग्राहक लंडनला. १८१७ ची ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडमधील हार्टलपूलला आजही तरंगते आहे.

आता संसदेकडे वळले पाहिजे, कारण या सर्व व्यवहारांत तिची भूमिका सर्वांत क्षीण राहिली आहे. प्रश्न विचारले जात नाहीत असे नाही. तारांकित-अतारांकित प्रश्नांत गोर्शकोव्ह आणि स्कॉर्पिन वर्षानुवर्षे येत राहिले. उत्तरे ठरलेली: काम प्रगतिपथावर आहे, वाटाघाटी चालू आहेत, अधिक तपशील देणे राष्ट्रीय सुरक्षेच्या दृष्टीने उचित नाही. तिसरे वाक्य आले की पुरवणी प्रश्नाला धार राहत नाही. क्षेपणास्त्राचा पल्ला गुप्त असावा, हे मान्य. पण कामाची यादी किती वेळा बदलली, देखरेख पथकात किती माणसे होती, विलंबदंड किती वसूल झाला, यांतले काय गुप्त असावे? संरक्षण मंत्रालयाच्या अनुदान मागण्या तर कित्येक वर्षे चर्चेविना गिलोटिनखाली मंजूर होतात. उरतो महालेखापालांचा अहवाल आणि लोकलेखा समिती. पण ही दोन्ही साधने घटना घडून गेल्यावरची आहेत. शवविच्छेदनाने रोगी वाचत नाही. शिवाय विरोधी बाकांना दलालीत रस असतो, दिरंगाईत नसतो. दलालीत नाव असते, चेहरा असतो. दिरंगाईत फक्त तारखा असतात. १९८७ पासूनचे संसदीय कामकाज चाळले तर पाणबुड्यांवरील गोंधळाचा किती भाग पाणबुड्यांविषयी होता, असा प्रश्न पडतो.

गोदी परदेशातली असली की दिरंगाई आणि आपली असली की शिस्त, असा समजही या निमित्ताने करून घेऊ नये. ‘सिंधुकीर्ती’ पाणबुडीची विशाखापट्टणमला चाललेली दुरुस्ती २००६ ते २०१५ अशी नऊ वर्षे लांबली होती, तीही आपल्याच सरकारी गोदीत. उलट कोचीच्या नव्या ‘विक्रांत’ने दुसरा मार्ग दाखवला. प्रणोदन यंत्रणेच्या जोडणीला इटालियन सल्ला, विमानांशी संबंधित भागाला रशियन सल्ला, पोलाद बाहेरून मिळेना म्हणून ते भिलाईपासून राउरकेलापर्यंतच्या आपल्या कारखान्यांत तयार केलेले, आणि बांधणी व जबाबदारी आपली. उशीर तिलाही झाला. २००९ मध्ये कणा ठेवलेली नौका २ सप्टेंबर २०२२ रोजी दाखल झाली. पण त्या उशिरात शिकलेले सगळे कोचीत राहिले.

आणि आता पुन्हा कील. प्रकल्प ७५-आय या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सहा पाणबुड्यांची गरज २००७ च्या सुमारास मान्य झाली. निविदा निघायला जुलै २०२१ उजाडले. बऱ्याच परदेशी कंपन्यांनी अटी पाहून माघार घेतली. २०२३ मध्ये दोन प्रस्ताव आले: लार्सन अँड टुब्रो आणि स्पेनची नवान्तिया यांचा एक, माझगाव गोदी आणि जर्मनीच्या टीकेएमएसचा दुसरा. हवेशिवाय दीर्घकाळ पाण्याखाली राहू देणारी यंत्रणा प्रत्यक्ष समुद्रात चालवून दाखवण्याच्या अटीवर पहिला प्रस्ताव जानेवारी २०२५ मध्ये बाद झाला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये दुसऱ्याशी वाटाघाटी सुरू झाल्या. सुरुवातीला ४३ हजार कोटींचा अंदाज असलेला हा प्रकल्प ७० हजार कोटींच्या आसपास जाईल, असे तेव्हा बोलले जात होते. टीकेएमएस म्हणजे कोण? १९८१ च्या एचडीडब्ल्यूची वारसदार. ज्या कारखान्याशी १९८७ मध्ये आपण संबंध तोडला, त्याच्याच दारात जवळजवळ चार दशकांनी परतलो आहोत.

अट चाचणीत सिद्ध झालेल्या यंत्रणेची होती, हे योग्यच झाले. सेवमाशच्या अनुभवातून तेवढे तरी शिकलो. मात्र एकच प्रस्ताव उरल्यावर घासाघिशीची ताकद समोरच्याकडे जाते, हेही त्याच अनुभवातले आहे. गोदीने स्वतः घ्यायच्या सामग्रीची किंमत या वेळी करारापूर्वी बांधून घेतली आहे का. कीलला शिकून आलेला कारागीर सहावी पाणबुडी पुरी होईपर्यंत त्याच कामावर राहील अशी तरतूद आहे का. आणि सहाव्यानंतर सातवीचे काम कधी निघणार, हे कोणत्या कागदावर लिहिले आहे? जर्मनीचे निर्यात परवाने तिथल्या सरकारच्या मर्जीवर अवलंबून असतात. ते अडले तर माझगावच्या धक्क्यावर अर्धवट उभ्या सांगाड्याचे काय करायचे, याचे उत्तर संरक्षणविषयक स्थायी समितीने तरी लेखी मागून घ्यायला हवे, आणि ते करारावर सही होण्याआधीच.